संथ कॉम्प्युटर: रॅम विकत घेण्याआधी काय काय करून बघायचं

कॉम्प्युटर रखडायला लागला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: रॅम वाढवून घ्या. पण २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भलतेच चढले. त्यात अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, म्हणजे खिशात पैसे असले तरी ती वाढवता येत नाही. शिवाय दोष दर वेळी रॅमचाच असतो असंही नाही. कधी हार्ड डिस्क खराब व्हायला लागलेली असते, कधी पंख्यात धूळ अडकलेली असते, तर कधी मशीन सुरू होताना डझनभर प्रोग्राम एकदम जागे होत असतात. यातलं आपल्या मशीनला काय झालंय, हे विंडोज स्वतःच दाखवतं. ते कुठे बघायचं हे माहीत नसलं की माणूस व्हिडिओत सांगितलेल्या दहा युक्त्या एकामागोमाग करत बसतो आणि फरक काहीच पडत नाही. म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा.

इथलं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. मेनूची नावं तुमच्या स्क्रीनवर इंग्रजीत असतील, इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एखादं नाव सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ते टाइप करा.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

मशीन सुरू करा, काहीही उघडू नका आणि पाच मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १०मध्ये छोटीशीच खिडकी आली तर तिच्या खालच्या कोपऱ्यातल्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. आता 'प्रोसेसेस'च्या यादीवर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असेल. सगळं निदान या आकड्यांत आहे.

घराघरांत असलेलं एक नमुनेदार मशीन घेऊ: ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. काही न उघडताच मेमरी ६५-७० टक्के, सीपीयू १०-१५ टक्के आणि डिस्क १०० टक्के, तीही गडद रंगात. म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलाय, पण डिस्ककडून माहिती येईपर्यंत त्याला काही करता येत नाही. आपण क्लिक करतो, चक्र फिरत राहतं, आपण वैतागून पुन्हा क्लिक करतो आणि त्या बिचाऱ्या डिस्कच्या रांगेत आणखी एक काम वाढतं.

डिस्कवर एवढा भार का येतो, ते समजून घ्यायला हवं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की विंडोज काही डबे माळ्यावर टाकतं आणि लागतील तेव्हा पुन्हा खाली काढतं. माळ्यावर ठेवलेल्या या भागाला पेज फाइल म्हणतात. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी फिरते आणि तिला एखादी माहिती शोधून द्यायला साधारण १० मिलिसेकंद किंवा जास्त वेळ लागतो. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, तिला त्याच कामाला एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणून तेवढ्याच रॅमचा एसएसडीवाला लॅपटॉप बऱ्यापैकी चालतो आणि हार्ड डिस्कवाला रडतो. रॅम कमी असणं ही अर्धी गोष्ट झाली. रॅम भरल्यावर ओझं कुठे पडतं, ही उरलेली अर्धी.

आता वरच्या 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. डावीकडे 'डिस्क ०'च्या खाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे आपल्या पेटीत काय आहे ते कळलं. त्यावर क्लिक करून 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. मशीन कामात असताना हा आकडा दोन अंकी मिलिसेकंदांत असला तर ठीक. पण वाचन-लेखनाचा वेग जेमतेम एखादा एमबी असताना हाच आकडा सारखा हजार-दोन हजारांवर जात असेल, तर डिस्क बिघडत चालल्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी वेग वगैरे सगळं बाजूला ठेवा. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल्स आजच दुसरीकडे उतरवून घ्या. मग 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. त्याने निळ्याऐवजी पिवळा रंग आणि 'कॉशन' दाखवलं, तर ती डिस्क बदलायलाच हवी. पुढच्या कोणत्याही पायरीने ती सुधारणार नाही.

आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर ते पुन्हा बघायचे आहेत. डिस्क १०० टक्के असेल तर स्टार्टअप, सी ड्राइव्ह आणि साचलेल्या कामांचे भाग आधी वाचा. मेमरी ८५-९०च्या वर असेल तर स्टार्टअपबरोबर ब्राउझर बघा. काही न उघडता सीपीयू चढलेला असेल, किंवा सगळे आकडे कमी असूनही मशीन संथ असेल, तर उष्णतेचा आणि नको त्या प्रोग्रामांचा भाग.

शट डाउन आणि रीस्टार्ट एकच नव्हेत

विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. त्यामुळे रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यालाही 'परफॉर्मन्स'मधल्या सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' काही आठवड्यांचा दिसू शकतो. तसा दिसला तर एकदा 'रीस्टार्ट' द्या. त्यात सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा ही सवय ठेवली तरी पुरे.

स्टार्टअपची यादी

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' टॅब आहे, विंडोज ११मध्ये त्याचं नाव 'स्टार्टअप ॲप्स'. मशीन सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्राम इथे दिसतात आणि शेजारी 'स्टार्टअप इम्पॅक्ट'मध्ये हाय, मीडियम, लो असा शेरा असतो. जो नको त्यावर राइट-क्लिक करून 'डिसेबल' म्हणा. याने प्रोग्राम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. पाहिजे तेव्हा तो नेहमीसारखा उघडता येतो, म्हणून इथे घाबरायचं कारण नाही.

मीटिंगची ॲप, गाण्यांची ॲप, गेमचे लाँचर, टॉरेंट, प्रिंटर कंपनीचे मदतनीस, लॅपटॉप कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप, हे सगळं बिनधास्त बंद करा. प्रिंटर त्या मदतनिसाशिवाय छापतो. वनड्राइव्हवर तुमच्या फाइल्स खरोखर ठेवल्या जात असतील तरच ते चालू राहू द्या. व्हॉट्सॲप लागेल तेव्हा उघडा. राहू द्यायच्या गोष्टी थोड्याच: विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह, आवाजाचा ड्रायव्हर आणि टचपॅडचा ड्रायव्हर. नाव ओळखीचं नसेल तर राइट-क्लिकमधल्या 'सर्च ऑनलाइन'ने आधी शोधा.

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर तेही बहुधा या यादीत असतं. नुसतं युनिकोड मराठी लिहायचं असेल तर त्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच आणि विंडोज १०च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून 'मराठी फोनेटिक'ही आला आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली मराठी भाषा जोडा, मग तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये कीबोर्ड निवडा. डीटीपीची कामं करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: वर्षानुवर्षं टाकत आलेले शेकडो जुने मराठी फॉन्ट. कोरल ड्रॉ किंवा वर्ड उघडताना ही सगळी यादी वाचली जाते. जुन्या कामांना लागणारे फॉन्ट ठेवा, बाकीच्यांची एका फोल्डरमध्ये प्रत घ्या आणि ते विंडोजमधून काढून टाका. वर्ड-कोरल उघडायला लागणारा वेळ त्याने कमी होतो.

ब्राउझर: खरा खादाड

आज बहुतेकांचं निम्म्याहून जास्त काम ब्राउझरमध्येच चालतं आणि ४ जीबीच्या मशीनवर रॅम संपवणाराही तोच असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणती टॅब, कोणतं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किती मेमरी धरून बसलंय ते एकेक ओळीने दिसतं. 'मेमरी फूटप्रिंट' या शीर्षकावर क्लिक केलं की सर्वात मोठं वर येतं. यूट्यूबची एक टॅब, जीमेलची एक टॅब आणि चार-पाच बातम्यांची पानं मिळून किती जागा अडवतात हे एकदा डोळ्यांनी बघा. महाडीबीटीचा फॉर्म भरताना पान मध्येच का अडकतं, याचं उत्तर पुष्कळदा या यादीत मिळतं.

यानंतर तीन गोष्टी करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू करा. वापरात नसलेल्या टॅब तो झोपवतो आणि क्लिक केलं की त्या पुन्हा लोड होतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये याच कामाला 'स्लीपिंग टॅब्स' आहे. मात्र अर्धवट भरलेला फॉर्म उघडा ठेवून दुसऱ्या कामाला जाणार असाल, तर त्या साइटचं नाव याच पानावर 'नेहमी जागी ठेवा' अशा अर्थाच्या यादीत घाला.

दुसरं, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली 'क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा' असा पर्याय असतो, तो बंद करा. एजमधलं 'स्टार्टअप बूस्ट'ही बंद करा. एज पटकन उघडावं म्हणून ते आधीपासून काही भाग रॅममध्ये भरून ठेवतं आणि ४ जीबीत ती चैन परवडत नाही.

तिसरं म्हणजे एक्स्टेन्शन. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी, कधीतरी एकदाच लागलेली, अशी सगळी काढून टाका. जाहिराती अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन मात्र जरूर ठेवा, कारण जाहिरातींनी भरलेली पानं त्याच्यामुळे बरीच हलकी होतात.

सी ड्राइव्हला श्वास घेऊ द्या

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की पेज फाइलला वाढायला जागा राहत नाही, अपडेट अडकतात आणि मशीन आणखी रखडतं. १५-२० टक्के जागा मोकळी असावी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जा आणि 'टेम्पररी फाइल्स' उघडा. ज्याच्यापुढे टिक असेल ते पुसलं जातं. इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या: या यादीत 'डाउनलोड्स' हेही एक नाव असतं. बहुतेकांची सगळी महत्त्वाची कागदपत्रं त्याच फोल्डरमध्ये पडलेली असतात, तेव्हा त्याच्यापुढे टिक नाही ना, हे तपासूनच पुढचं बटण दाबा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसत असेल आणि नवी आवृत्ती नीट चालत असेल, तर ते काढायला हरकत नाही. कित्येक जीबी सुटतात. त्याच पानावर 'स्टोरेज सेन्स' चालू केलं की पुढची झाडलोट विंडोज आपली आपण करतं.

न लागणारे प्रोग्राम 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून काढा. लॅपटॉपबरोबर आलेलं आणि मुदत संपलेलं ट्रायल अँटीव्हायरस तर पहिलं काढा. ते गेलं की विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होतं आणि घरगुती वापराला ते पुरेसं आहे.

डीफ्रॅगमेंट, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, हे फक्त फिरत्या हार्ड डिस्कसाठी. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स' शोधून त्यात शेवटची तारीख फार जुनी असेल तर एकदा चालवा, वेळ लागेल. एसएसडीची निगा विंडोज स्वतः राखतं, तिला बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर लावू नका.

आठवड्यातून एकदाच उघडणारं मशीन

हे कारण फारसं कोणी सांगत नाही. घरातला कॉम्प्युटर फक्त रविवारी, तोही तासभर उघडत असेल, तर आठवडाभर साचलेली विंडोज अपडेट, डिफेंडरची तपासणी, फाइल्सची सूची बनवणं, ब्राउझरचं अपडेट, सगळं त्या एका तासात एकदम सुरू होतं. ते पूर्ण व्हायच्या आत आपण कंटाळून मशीन बंद करतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. उपाय सोपा आहे. एक दिवस चार्जर लावून, इंटरनेट जोडून, काहीही काम न करता मशीन दोन-तीन तास नुसतं चालू ठेवा. झोपेत जाऊ देऊ नका. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन काही बाकी नाही ना बघा आणि शेवटी रीस्टार्ट द्या. मग डिस्कचा आकडा पुन्हा वाचा. जुन्या हार्ड डिस्कवर हे एक वेळ करणं बाकी सगळ्या सेटिंगांपेक्षा जास्त कामाला येतं.

एवढं करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच अडकत असेल आणि ती हार्ड डिस्क असेल, तर शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' टाइप करून 'सिसमेन' शोधा आणि ते थांबवून बघा. वारंवार लागणारे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवायचं काम ते करतं. कमी रॅमच्या काही मशीनवर ते बंद केल्याने आराम पडतो, काहींवर पडत नाही. फरक दिसला नाही तर परत चालू करा.

उष्णता

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे लॅपटॉप गादीवर ठेवून काम केलं तर खालची जाळी बंद होते आणि उरलीसुरली हवाही मिळत नाही. तपासायचं असं: एखादं जड काम चालू असताना 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूचा 'स्पीड' बघा आणि शेजारच्या 'बेस स्पीड'शी ताडून पाहा. बेस २ गीगाहर्ट्झच्या वर आणि प्रत्यक्ष वेग एकच्या खाली अडकलेला, पंखा मात्र जोरात, असं असेल तर कारण उष्णताच असण्याची शक्यता जास्त. पंखा शांत असूनही वेग असाच अडकला असेल तर चार्जर बघा. काही लॅपटॉप मूळ कंपनीचा चार्जर ओळखू आला नाही तरी वेग उतरवून ठेवतात.

लॅपटॉप कडक, सपाट जागी ठेवा. मशीन बंद करून, चार्जर काढून, जाळीतून ब्लोअरने धूळ उडवा. त्या वेळी पंख्याचं पातं एखाद्या काडीने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते भरधाव फिरवू नका. चार-पाच वर्षं उघडलेलाच नसेल तर ओळखीच्या तंत्रज्ञाकडून आतली सफाई करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. खर्च रॅमच्या मानाने किरकोळ असतो.

आत शिरलेलं काहीतरी

काही न उघडता सीपीयू सतत चढलेला असेल तर 'सीपीयू' शीर्षकावर क्लिक करून कोण खातंय ते बघा. अपडेट किंवा डिफेंडर असेल तर थांबा, ते संपतं. अनोळखी नाव तासन्‌तास वरच राहत असेल, आणि मशीनवर फुकट मिळवलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा 'ॲक्टिव्हेटर' चालवलेलं असेल, तर त्याच वाटेने आलेला पाहुणा असण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्याच्या फायद्यासाठी क्रिप्टो चलन खणणारे प्रोग्राम असेच येतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'स्कॅन ऑप्शन्स' उघडा आणि ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते.

'तुमचा कॉम्प्युटर मंद झालाय, या नंबरवर फोन करा' अशी पाटी आली तर फोन करू नका. ती बहुधा ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून येते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटना दिली आहे ते बघून ती काढून घ्या. कोणी पैसे काढलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

वेळ घालवू नका अशा युक्त्या

डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून सारखं 'रिफ्रेश' करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने फक्त चिन्हं पुन्हा रंगवली जातात, वेगाशी त्याचा संबंध नाही. 'प्रीफेच' फोल्डर रिकामा करायला सांगणारे व्हिडिओही खूप आहेत. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोजच ती टिपणं करून ठेवतं, ती पुसली तर पुढच्या काही वेळा सगळं उलट हळू उघडेल. 'एमएस कॉन्फिग'मध्ये प्रोसेसरची संख्या वाढवायचा सल्लाही असाच. तो आकडा वेग वाढवत नाही, तो मर्यादा घालतो. न लावलेला असताना विंडोज सगळे कोर वापरतच असतं. व्हर्च्युअल मेमरीचा, म्हणजे पेज फाइलचा, आकडा फुगवला तर माळा मोठा होतो, ओटा तेवढाच राहतो, तेव्हा ते विंडोजवरच सोपवा. रजिस्ट्री क्लीनर आणि 'पीसी बूस्टर' तर टाकूच नका.

पारदर्शक खिडक्या आणि हलती चित्रं बंद केल्याने जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर थोडा फरक पडतो. विंडोज ११मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'खाली 'व्हिज्युअल इफेक्ट्स'मध्ये 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' आणि 'ॲनिमेशन इफेक्ट्स' अशी दोन बटणं आहेत, ती बंद करा.

इतकं करूनही भागलं नाही तर

पेटीत अजून हार्ड डिस्क असेल आणि थोडा खर्च करणं शक्य असेल, तर तो पैसा रॅमऐवजी एसएसडीवर टाका. जुन्या लॅपटॉपला बहुधा अडीच इंची साटा एसएसडी बसते. २५६ जीबीसुद्धा चालेल. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी हार्ड डिस्क फाइल्स ठेवायला तशीच वापरता येते, अर्थात ती ठणठणीत असेल तर.

एक रुपयाही घालायचा नसेल तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जुन्या मशीनसाठी हा विचार तसाही करावा लागणार. लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते आणि ४ जीबीवर आरामात चालते. लायब्रेऑफिस आणि फायरफॉक्स तिच्यात आधीच असतात. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रूफस' या मोफत सॉफ्टवेअरने ती उतरवा आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि टचपॅड हे चार तपासा. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळूच चालेल, त्यावरून वेगाचं मत बनवू नका.

टॅली, कोरल ड्रॉ, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइल्स किंवा विंडोजवरच चालणारी डिजिटल सहीची टोकन तुमच्या रोजच्या कामात असतील, तर विंडोज पूर्ण पुसू नका. इन्स्टॉल करताना मिंट 'विंडोजच्या शेजारी' असा पर्याय देतं, तो निवडा. त्याआधी फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि त्यातल्या दोन-तीन उघडून खरंच उघडतात का ते बघा.